चार बोल्टांची जागा

मशीन मंगळवारी गेलं.
कुडाळहून भंगारवाला टेम्पो घेऊन आला,
किलोच्या भावात तोललं त्यानं.
दिगंबर तोवर आत
रेडिओचे सेल बदलत बसला.
रेडिओ गेल्या दिवाळीपासून बंद आहे.

दोन सिलिंडरचं, हिरव्या रंगाचं.
होडी घेणारा म्हणाला होता, माझ्याकडं नवं आहे, हे काढून ठेवा.
काढून ठेवलं.
निवतीच्या वाऱ्यात, अंगणातल्या शहाबादी लाद्यांवर,
तीन पावसाळे ताडपत्रीखाली.
वारा ताडपत्री उचलायचा, मी वर चिरा ठेवायची,
सकाळी चिरा पायरीजवळ.

आता चार डाग राहिलेत
बोल्टांच्या जागी, जुन्या रुपयाएवढे,
आणि उताराच्या बाजूनं मोरीकडं गेलेला ओघळ:
आधी शेंदरी, मग विटकरी,
शेवटी शेवटी नुसता चहा सांडल्यासारखा.

शनिवारी कोल्हापूरची माणसं येणार.
खोलीचं पहिलंच गिऱ्हाईक.
जाऊबाई म्हणाल्या, वर कुंड्या ठेव.
डागांवर ठेवीन हो,
ओघळावर काय ठेवू?

बाटली आणलीच होती मी बाजारातून.
टोपण उघडलं तर कुंपणापलीकडून कार्मेलीन ओरडली,
"आशिड नको गो ओतू, लादी खाता ता!
बिंबला घेऊन जा.
माझ्या झाडाक लागलीहत ढिगान, कोण खाता इतकी?"

सूपभर दिली तिनं.
खोडालाच लटकलेली, बोटाएवढी, पोपटी.
पाट्यावर मीठ घालून वाटली
तर वासानंच दात आंबले,
आणि मासे साफ करताना कापलेलं बोट
कुठं कापलंय ते नीट कळलं.

आधी कोरडंच घासलं, सोडणानं.
हे त्याच्याच हाताखाली शिकलेलं.
तो म्हणायचा, गंजाला पाणी दाखवू नये,
पाणी म्हणजे त्याचं जेवण.
मग लेप, वर ओलं गोणपाट,
आणि मी पेडवे निवडायला बसले.

दुपारी गोणपाट उचललं.
लेप काळपट झाला होता, लाल खाली उरलंच नव्हतं.
घाईनं दोन कळश्या ओतल्या
आणि ओतता ओतता आठवलं
आपल्या विहिरीचं पाणी,
हंड्याला आतून तांबडी कड देणारं.
गंज काढायचा आणि त्याच्या भावानं धुवायचा!
पळत जाऊन त्याची जुनी लुंगी आणली,
गुडघ्यांवर बसून सगळं टिपून घेतलं.

वाळल्यावर पाहिलं.
गंज गेला.
लादीची झिलईही गेली त्याच्यासोबत.
करड्या अंगणात चार पांढुरके ठिपके,
मोरीपर्यंत एक पांढुरका ओघळ.
नकाशा तोच, शाई बदललेली.

खोबरेल चोळलं. थोडं बसलं, थोडं नाही.
कार्मेलीन बघून गेली.
"लादी खाल्ल्यान गो, पण हळू खाल्ल्यान," म्हणाली,
आणि उरलेली बिंबलं लोणच्यासाठी परत घेऊन गेली.

संध्याकाळी दिगंबर बाहेर आला.
मला वाटलं, म्हणेल, कशाला इतका खटाटोप.
तो उकिडवा बसला,
एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत वीत टाकली,
मग आडवी, मग तिरकी.
"बघ," म्हणाला,
"सूतभरही फरक नाही. बसवलं होतं सरळ."

मग आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणली,
चार पाय चार ठिपक्यांवर येतात का बघू लागला.
तीन येत होते.
चौथ्यासाठी तो खुर्ची जरा फिरवायचा,
तर पहिला सुटायचा.
दिवाबत्ती झाली, बांगडा तव्यावर पडला,
तरी अंगणातून
खर्र, खर्र,
लादीवर प्लॅस्टिक सरकल्याचा आवाज येत होता.